ताजा मासा, ताजे मासे आणि स्पॅनिश



मुलगी म्हणाली, "आई, मी मोबाईलवर स्पॅनिश शिकते," तर आपण पटकन म्हणतो, "आधी इंग्रजी तरी नीट येऊ दे!" पण स्पॅनिशमध्ये जे इंग्रजीवाल्यांना जड जातं, ते आपल्या मुलींना घरातच येतं.

नवापूरच्या किनाऱ्यावर आपण काय म्हणतो? ताजा मासा, ताजे मासे. नाम बदललं की विशेषणही बदलतं. इंग्रजीतलं 'फ्रेश' एकाला काय, दहांना काय, तसंच राहतं. स्पॅनिशमध्ये मात्र 'पेस्कादो फ्रेस्को' म्हणजे ताजा मासा आणि 'पेस्कादोस फ्रेस्कोस' म्हणजे ताजे मासे. विशेषण नामाच्या मागून येतं, एवढाच फरक.

नियम सोपे आहेत. शब्दाच्या शेवटी स्वर असेल तर 'स' जोडायचा. कासा म्हणजे घर, कासास म्हणजे घरं. शेवटी व्यंजन असेल तर 'एस' जोडायचं. फ्लोर म्हणजे फूल, फ्लोरेस म्हणजे फुलं. शेवटचं अक्षर झेड असेल तर लिहिताना ते काढून सी-ई-एस लिहायचं. पाण्यातला जिवंत मासा 'पेस', अनेक मासे 'पेसेस'. जाळ्यातून ताटात येणारा तो पेस्कादो!

लिंगंही तिथे दोनच, पुल्लिंग आणि स्त्रीलिंग. घर स्त्रीलिंगी, म्हणून पांढरं घर 'कासा ब्लांका' आणि पांढरी घरं 'कासास ब्लांकास'.

जपायचं कुठे? आपण लाल साडी, लाल साड्या म्हणतो. 'लाल' हलत नाही. स्पॅनिशमध्ये अशी सूट सहसा नाही. निळं फूल 'फ्लोर आसुल', तर निळी फुलं 'फ्लोरेस आसुलेस'.

काही नामं मात्र बदलत नाहीत. सोमवार 'एल लुनेस', अनेक सोमवार 'लोस लुनेस'. पुढच्या छोट्या शब्दावरून संख्या कळते. आपणही 'माझा हात, माझे हात' म्हणतोच की!

तारापूर १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होतं. त्यांची भाषा ही स्पॅनिशची सख्खी बहीण. तिच्यातून आलेल्या बटाट्याला आपण मराठी वळण देऊन 'बटाटे' केलं. स्पॅनिशमध्ये तो 'पाताता', अनेक 'पातातास'.

तेव्हा मैत्रिणींनो, मुलगी धडा घेऊन बसली की तिच्याजवळ बसा. ती स्पॅनिश बोलेल, तुम्ही मराठी बोला. एक आणि अनेक, दोन्ही म्हणून पाहा. मराठी तिच्या आड येणार नाही, हाताला धरून पुढे नेईल.