"किती घ्याल?" विचारलं की लगेच आकडा सांगू नका



रात्री नऊला फोन येतो. "दादा, हॉलच्या छताला ओल धरलीय. वर त्यांचं बाथरूम आहे. किती घ्याल?"

नवीन माणूस इथेच फसतो. काम हातचं जाईल या भीतीनं तो फोनवरच आकडा सांगून टाकतो. समजा त्यानं ३५ हजार सांगितले. वरच्या बाथरूमच्या लाद्या फोडल्या, वॉटरप्रूफिंग केलं, नव्या लाद्या बसवल्या. पंधरा दिवसांनी ओल परत हजर! कारण गळत होता भिंतीतल्या नळाच्या लाइनचा एक जॉइंट, आणि त्याला कुणी हातच लावला नव्हता. आता पुन्हा फोडायचा खर्च त्याच्याच खिशातून, आणि त्या बिल्डिंगमधलं पुढचं काम दुसऱ्याला.

म्हणून आजचा मुद्दा एकच. घरदुरुस्तीच्या धंद्यात आधी कारण शोधायचं, मग दर सांगायचा. त्यासाठी डिग्री लागत नाही. पाणी, वीज, सिमेंट आणि मोटर यांचे थोडेच नियम लागतात, पण ते पक्के लागतात.

देवनारकडे धंद्याच्या नजरेनं बघा

देवनार म्हटलं की लोकांना दोन गोष्टी आठवतात. १९२७ पासूनचं डम्पिंग ग्राउंड आणि १९७१ साली सुरू झालेला कत्तलखाना. पण तुम्ही गोवंडी स्टेशनला उतरा आणि तासभर पायी फिरा. एका बाजूला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या आसपासच्या जुन्या सोसायट्या आणि त्यांच्या शेजारी उभे राहिलेले नवे टॉवर. दुसऱ्या बाजूला शिवाजीनगर, बैंगनवाडीतली छोटी घरं, खाली एक खोली आणि वर चढवलेला माळा.

जवळच ठाण्याची खाडी. हवा दमट आणि खारी. बरीच जमीन सखल, भर घातलेली. भर घातलेली जमीन हळूहळू बसते, मग भिंतीला तडा जातो आणि जमिनीखालच्या पाइपाचा उतार बिघडतो. म्हणजे ओल, गंज, तुंबलेली लाइन, कमी प्रेशर हे इथलं बारमाही काम आहे. गिऱ्हाईक शोधायला लांब जावं लागत नाही. कमी आहे ती नीट कारण सांगणाऱ्या माणसाची.

ओल दिसली की तीन प्रश्न

गिऱ्हाइकाकडे गेलात की हातोडी पिशवीतच ठेवा. आधी विचारा, "काकू, ही ओल दिवसभर सारखीच असते, आंघोळी झाल्यावर वाढते, की फक्त पावसाळ्यात येते?"

सारखीच असते? मग संशय दाबाच्या लाइनवर. नळाच्या पाइपात पाणी चोवीस तास दाबाखाली असतं, म्हणून ते चोवीस तास गळतं. वरच्या घराची वेगळी टाकी असेल तर रात्री सगळे नळ बंद करून पाण्याच्या पातळीवर खूण करा. सकाळी पातळी उतरली असेल तर लाइन गळतेय, नाहीतर फ्लशसारखं काहीतरी टपकतंय. टाकी सामाईक असेल तर त्या घराचा मेन कॉक काही तास बंद ठेवा आणि खाली ठिबकणं थांबतं का ते बघा.

आंघोळीनंतर वाढते? मग संशय लाद्यांचे सांधे, नहाणी ट्रॅप किंवा सांडपाण्याच्या पाइपावर. ट्रॅपचं तोंड बंद करून बाथरूममध्ये दोन इंच पाणी भरा, खूण करा, दिवसभर ठेवा. पातळी नेहमीपेक्षा जास्त उतरली आणि खाली ओल वाढली, तर लादीखालचं वॉटरप्रूफिंग गेलंय. पाणी तसंच राहिलं, पण तोंड उघडल्यावर खाली ठिबकलं, तर ट्रॅप किंवा पाइप. खात्री करायची असेल तर पाण्यात रंग टाका. खाली रंगीत थेंब आला की वाद मिटला.

फक्त पावसात येते? मग बाथरूमला हात लावू नका. बाहेरची भिंत, खिडकीच्या कडा, छज्जा आणि गच्ची तपासा.

बघा, एवढ्यात खर्च झाला तो फक्त वेळ. पण ३५ हजारांचं काम आहे की जॉइंट बदलायचं, हे आता तुम्ही छातीठोकपणे सांगू शकता.

उताराचाही हिशोब ठेवा. बाथरूमच्या फरशीला नहाणीकडे साधारण पाच फुटांना एक इंच उतार हवा. चार इंची सांडपाण्याच्या पाइपाला दहा फुटांना तीन इंच. पाण्याची लेव्हल नळी लावून उतार मोजला की लाइन पुन्हा पुन्हा का तुंबते ते कळतं.

प्रेशर टाकीच्या उंचीत असतं

"नळाला धार बारीक येते, मोठी टाकी बसवून द्या," असं गिऱ्हाईक म्हणतं. टाकी विकण्याचा मोह होतो. पण ५०० लिटरची टाकी काढून तिथेच १,००० लिटरची ठेवली, तर पाणी जास्त वेळ पुरेल, प्रेशर वाढणार नाही. प्रेशर ठरतं ते नळापासून पाण्याची पातळी किती उंच आहे त्यावर. १० मीटर उंचीला साधारण १ किलो प्रति चौरस सेंटीमीटर इतका दाब मिळतो. टाकी नळाच्या फक्त ३ मीटर वर असेल तर ०.३ किलो. म्हणूनच वरच्या मजल्यावर शॉवर रडतो आणि तळमजल्यावर जोरात चालतो.

उपाय क्रमानं बघा. आधी नळाची जाळी आणि कॉक साफ आहेत का? मग पाइप अर्धा इंचीच लांबवर नेलाय का? पाऊण इंची पाइपाचं तोंड अर्धा इंचीच्या सव्वादोन पट असतं, त्यामुळे वाटेत पाणी कमी अडतं. त्यानंतर टाकीचा स्टँड उंच करता येईल का, आणि शेवटी पंप.

पंपाबाबत एक सांगून ठेवतो. महापालिकेच्या लाइनला थेट बूस्टर पंप लावायला बंदी आहे. कुणी कितीही आग्रह केला तरी लावू नका. पंप लाइन ओढायला लागला की आतला दाब पडतो, आणि जिथे जॉइंट सैल असेल तिथून बाहेरचं घाण पाणी आत खेचलं जातं. ते आख्ख्या गल्लीच्या हंड्यात जातं. आधी जमिनीवरच्या टाकीत पाणी घ्या, तिथून पंपानं वर चढवा.

पंप "पाणी उचलत नाही" म्हणून नवीन घ्यायची घाईही नको. पंप पाणी ओढतो म्हणजे खरं तर बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो, आणि त्याला मर्यादा आहे. पाणी पंपाच्या ७ मीटरपेक्षा खाली असेल तर साधा पंप दमतो. तसं नसेल तर आधी फूट व्हॉल्व्ह बघा. तो गळत असला की पाइपातलं पाणी उतरतं आणि पंपात हवा भरते. मोटर फिरते, पाणी येत नाही.

ओल्या भिंतीत वीज

इथे चूक झाली तर पैसे जाऊन भागत नाही, जीव जातो. म्हणून ओल्या भिंतीला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करा, टेस्टरनं खात्री करा, मगच छिन्नी लावा.

हिशोब सोपा आहे. वॉट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर. ३,००० वॉटचा इन्स्टंट गीझर २३० व्होल्टवर जवळपास १३ अँपिअर घेतो. तो लाइटच्या बारीक वायरवर जोडला की वायर तापते, वेष्टण वितळतं. गीझरला निदान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वेगळी वायर आणि तिला शोभेल असा एमसीबी लागतो.

"१६ चा एमसीबी सारखा पडतो, ३२ चा टाका," असं कुणी म्हणालं तर नाही म्हणा. एमसीबी वायरला वाचवतो. मोठा टाकला की तो पडणार नाही, वायर जळेल.

आणि माणसाला वाचवतो तो आरसीसीबी. माणसाचा जीव घ्यायला एका अँपिअरचा दहावा भागही पुरतो. १६ अँपिअरच्या एमसीबीला तेवढं कळतसुद्धा नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी तेवढी गळती पकडून वीज तोडतो. त्याला टेस्ट बटण असतं, ते गिऱ्हाइकासमोर दाबून दाखवा. सोबत अर्थिंग चांगलं आहे का तेही तपासून घ्या.

पण लक्षात ठेवा, वायरिंगचं काम लायसन्सवाल्या इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरकडूनच करून घ्यायचं. तुम्ही दोष ओळखा, काम त्याला द्या.

सिमेंटमध्ये पाणी, सळईला गंज

स्लॅबचा तुकडा पडला, सळई दिसतेय, वरून सिमेंट थापून रंग मारला. दोन पावसाळ्यांत पुन्हा पडणार. का? लोखंड गंजलं की फुगतं, मूळ लोखंडाच्या दुप्पट आणि त्याहून जास्त जागा घेतं. ते आतून काँक्रीटला ढकलतं. गंज तसाच ठेवून वरून थापलेला थर किती टिकणार?

सैल काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढायचं, तारेच्या ब्रशनं गंज घासायचा, गंजरोधक लावायचं, मग पॉलिमर मॉर्टर भरायचं. सळई झिजून बारीक झाली असेल, किंवा बीम-कॉलमला तडा असेल, तर तिथे थांबा. ते स्ट्रक्चरल इंजिनिअरचं काम. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं आहे, हेही सोसायटीला सांगा.

नवीन काँक्रीट करताना सगळ्यात मोठा शत्रू जास्तीचं पाणी. कालवायला सोपं जातं म्हणून कामगार बादली ओततो. ते पाणी पुढे उडून जातं आणि मागे बारीक छिद्रं ठेवतं. त्यातूनच ओल आणि खारी हवा सळईपर्यंत पोचते. एमट्वेंटी प्रतीच्या साध्या मिश्रणाला ५० किलोच्या गोणीमागे ३० लिटरपेक्षा जास्त पाणी नको. पावसाळ्यात वाळू आधीच ओली असते, तेवढं पाणी कमी घाला. आणि आज बाजारात जास्त मिळणाऱ्या पीपीसी सिमेंटला किमान १० दिवस पाणी मारा. तीन दिवसांत पाणी बंद केलं तर चांगलं सिमेंटही वाया.

याचा धंदा कसा करायचा?

पुण्याजवळ पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे मुलं वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती असं सगळं हातानं करत शिकतात आणि पुढे त्यातलीच काही स्वतःचा व्यवसाय उभा करतात. आपल्याला त्यातून घ्यायचं ते हे: एका कामात हात पक्का असू द्या, बाकीच्यांची तत्त्वं माहीत असू द्या. ओल प्लंबरला, वायरमनला, मिस्त्रीला वेगवेगळी ओळखत नाही.

पहिली गोष्ट, तपासणीची फी घ्या. समजा ५०० रुपये, काम दिलं तर बिलातून वजा. दुसरी, कागदावर लिहून द्या: काय तपासलं, कारण काय, काम काय, कशाची हमी आणि कशाची नाही. तिसरी, लायसन्सवाला वायरमन आणि एक इंजिनिअर यांच्याशी आधीच बोलून ठेवा. चौथी, उद्यम नोंदणी करा, ती ऑनलाइन आणि फुकट आहे. राजमिस्त्री असाल तर पीएम विश्वकर्मा योजनाही बघा. तिच्या १८ व्यवसायांत राजमिस्त्री आहे, प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन नाहीत.

या आठवड्याचा गृहपाठ: स्वतःच्याच घरातून सुरुवात करा. टाकी आणि नळ यांच्यातली उंची मोजा. गीझरचे वॉट बघून अँपिअर काढा, आणि त्याची वायर व एमसीबी जुळतात का ते बघा. आरसीसीबी आहे का शोधा, असेल तर बटण दाबा. एका वहीत लिहा. ही वही म्हणजे तुमचा पहिला तपासणी अहवाल.

पुढच्या वेळी फोन आला, "दादा, किती घ्याल?" तर शांतपणे म्हणा, "काकू, उद्या सकाळी येऊन बघतो. आधी कारण सांगतो, मग दर."