रंग झटके खातो? आधी रोग ओळखा, मग खर्च करा

धान घरात आले की गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. मंचावर आता संगणकावरून चालणारे एलईडी लाइटही दिसतात. पण संध्याकाळची लाली हळूहळू निळ्या रात्रीत विरघळायची, तर रंग झटके खात, पायऱ्या उतरल्यासारखा बदलतो. मग मंडळी म्हणतात, "लाइट बाद झाले, नवे आणा." थांबा. कीड न ओळखता फवारणी केली की पैसा जातो आणि कीड तशीच राहते. इथेही तसेच आहे. पैसा गावाच्या वर्गणीचा, म्हणून आधी रोग ओळखा.

जुन्या हॅलोजन दिव्याची तार सावकाश थंड होते, त्यामुळे बारीक झटके झाकले जात. एलईडी हुकूम मिळताच बदलतो, म्हणून प्रत्येक झटका डोळ्याला दिसतो. हा हुकूम डीएमएक्स पद्धतीने केबलमधून जातो. त्यात साधारणपणे एका रंगाला 0 ते 255 अशा 256 पायऱ्या असतात.

आता एक-एक लाइट सावकाश उजळून, सावकाश मंद करून पाहा.

1) झटके फक्त मंद उजेडातच दिसतात? तर पायऱ्या कमी पडतात. 60 सेकंदांत 0 वरून 30 वर जायचे, म्हणजे दोन सेकंदांना एक पायरी. ती दिसणारच! लाइटच्या मेनूत 16 बिटची सोय असल्यास ती निवडा आणि संगणकातही तसेच नोंदवा. त्यात 65,536 पायऱ्या मिळतात. ती सोय नसेल तर मेनूत डिमरचा वेग मंद करता येतो का पाहा, किंवा मंद उजेडातला बदल थोड्या वेळात उरका.

2) सगळे लाइट एकदम अडखळतात? तर संगणक किंवा त्याला जोडलेली डबी तपासा. काही स्वस्त डब्या वेळ सांभाळायचे काम संगणकावरच टाकतात. संगणक दुसऱ्या कामात गुंतला की हुकूम उशिरा जातो. बाकीचे प्रोग्रॅम बंद करून पुन्हा पाहा.

3) एका ठिकाणापासून पुढचेच लाइट लुकलुकतात? तर तिथली केबल बदलून पाहा. माइकची केबल चालवू नका. ओळ एका लाइटमधून दुसऱ्यात न्या, मध्येच फाटे फोडू नका. ठिबकच्या नळीला शेवटी एंड कॅप लागते, तसा शेवटच्या लाइटला 120 ओहमचा टर्मिनेटर लावा.

4) एकच लाइट बिघडतो? तर त्याचा पत्ता आणि मोड पाहा. सात चॅनलचा लाइट 1 वर असेल तर पुढचा 8 वर हवा. पत्ते एकमेकांवर चढले की रंगाचा हुकूम लुकलुकीच्या चॅनलवर जातो आणि लाइट उड्या मारतो.

एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे दोष नेमका कुठे होता ते कळेल. विजेच्या जोडणीला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करा.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी व मंडळांच्या पदाधिकाऱ्यांनी नवीन खरेदी करायचीच झाली, तर पैसे देण्यापूर्वी अंधाऱ्या खोलीत सावकाश रंगबदल करून दाखवायला सांगावे. भर दिवसा उघड्यावर सगळेच लाइट चांगले दिसतात.