रेकॉर्डिंग बंद झाल्यावर

देवासवरच्या व्याख्यानाची सूचना व्हॉट्सॲपवर गेली आणि तासाभरात इंदूरच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंचा फोन आला. "कोणतं देवास? थोरल्या पातीचं की धाकट्या?" सूचनेत नुसतं 'देवास संस्थान' असं होतं. बाईंचा प्रश्न अगदी रास्त होता. तुकोजी आणि जिवाजी पवार या भावांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात इथे बस्तान बसवलं आणि त्यांच्या वंशजांची दोन संस्थानं, थोरली पाती आणि धाकटी पाती, एकाच गावात नांदली. राजे दोन, कारभार दोन. १९४८ साली दोन्ही मध्य भारतात विलीन झाली, पण जुन्या घरांत अजूनही आधी पाती विचारतात.

वक्त्यांची तयारी होती ती ई. एम. फॉर्स्टर यांच्या आठवणींवर. हे इंग्रज कादंबरीकार १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी सचिव होते. शिक्षिकाबाईंचे आजोबा धाकट्या पातीत कारकून आणि आजीचं माहेर थोरल्या पातीतलं. वक्त्यांनी त्यांना फोनवर मनसोक्त बोलू दिलं आणि व्याख्यानाचा निम्मा आराखडा बदलला. फॉर्स्टरना दरबार दिसला होता. या बाईंकडे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात, म्हणजे चार गल्ल्या ओलांडून सणाला माहेरी जाणाऱ्या आजीची हकिकत होती.

धार-देवासच्या मराठी घरांच्या इतिहासावर अशी ऑनलाइन व्याख्यानं आम्ही २०२०च्या टाळेबंदीत सुरू केली. वेळ ठरली रविवारी रात्री साडेआठची, कारण उन्हाळ्यात तेव्हा न्यू जर्सीत सकाळचे अकरा वाजतात आणि तिकडचे नातेवाईकही येतात. वक्ता ठरवणं, लिंक पाठवणं, माइक तपासणं, आजी-आजोबांच्या नातवंडांना फोन करून 'कॅमेरा जरा खाली करा, नुसता पंखा दिसतोय' असं सांगणं हे काम माझ्याकडे. त्यामुळे व्याख्यानापेक्षा त्याच्या आधीचं आणि नंतरचं बोलणंच माझ्या कानावर जास्त पडतं.

झूमची फुकटातली सभा चाळीस मिनिटांनी बंद होते. एका रविवारी वक्ते धारच्या किल्ल्यात पोहोचले होते. नारायणराव पेशव्यांचा १७७३ साली खून झाला, राघोबादादांविरुद्ध एकत्र आलेल्या बारभाई कारभाऱ्यांनी त्यांना घेरलं, आणि त्यांच्या गरोदर पत्नी आनंदीबाईंना धारच्या किल्ल्यात आसरा घ्यावा लागला. तिथेच १० जानेवारी १७७५ रोजी दुसरा बाजीराव जन्मला. इथवर आले आणि पडदा काळा झाला. पुन्हा लिंकवर एकेक जण येऊ लागला. वक्त्यांचं नेट गेलेलं, रेकॉर्डिंग सुरू केलेलं नव्हतं. सगळ्यांचे माइक उघडे. बायका आनंदीबाईंबद्दलच बोलत होत्या. नवरा मोहिमेवर, स्वतःचं घर दूर, परक्याच्या किल्ल्यात बाळंतपण. त्या बाईचे दिवस कसे गेले असतील?

त्या बोलण्यात न्यू जर्सीच्या एका तरुणाने सहज सांगितलं की पणजोबांची जन्मनोंद तो धारमध्ये कधीचा शोधतोय, पण मिळत नाही. धारच्या त्याच्या चुलत आजी लगेच म्हणाल्या, "अरे, ते घरातलं पहिलं मूल. पहिलं बाळंतपण माहेरी नाही का होणार? त्यांची आई देवासची." तेवढ्यात शिक्षिकाबाईंनी माइक उघडला. "कोणत्या पातीची?"

इतक्या वर्षांत हे त्या आजींना कुणी विचारलंच नव्हतं. त्या तरुणाने काढलेल्या वंशावळीत सगळे पुरुषच होते, बापाखाली मुलगा आणि मुलाखाली नातू. आपल्याकडच्या बहुतेक वंशावळी अशाच असतात. तीर्थाच्या उपाध्यायांच्या वह्यांतही मुख्य धागा बाप-आजोबा-पणजोबांचाच. बाई त्यात आली तरी सासरच्या नावाने. लग्नात पहिलं नावही बदललेलं, म्हणजे माहेरच्या कागदात ती एक आणि सासरच्या कागदात दुसरी. दुसऱ्या बाजीरावाचा जन्म धारला का झाला, याचं उत्तर आई कुठे होती यात आहे, आणि हाच प्रश्न आपण स्वतःच्या घराला विचारत नाही.

आता प्रत्येक व्याख्यानाआधी, ते ज्या घराबद्दल असेल त्या घरातल्या बायकांना मी फोन करते. "आम्हाला काय माहीत, आमच्या ह्यांना विचारा," हे पहिलं उत्तर ठरलेलं. म्हणून इतिहासाचं नाव काढत नाही. कुणाचं बाळंतपण कुठे झालं, कुणाच्या लग्नात कुठून माणसं आली, नथ कुणाकडून कुणाला गेली, असं विचारते. मग फोन ठेवायला त्या तयार नसतात.

एक प्रसंग अवघड होता. धारच्या पवारांकडून मिळालेली इनामाची सनद म्हणून एका घराने पिढ्यान्‌पिढ्या जपलेला मोडी कागद सर्वांसमोर वाचायचा ठरला. पुण्याच्या मोडी वाचकांनी पडद्यावर तो मोठा करून घेतला. आधी 'छ' शोधला, कारण त्याच्यापुढे चंद्राची तारीख असते. मग शुहूर सन वाचला. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन निघतो. वर्ष आलं इंग्रजांशी धारचा तह होण्याच्या, म्हणजे १८१९च्या थोडं आधीचं. पुढचा मजकूर वाचताना त्यांचा आवाज हळू झाला. तो कागद सनद नव्हता. मुलीच्या लग्नासाठी सावकाराकडून घेतलेल्या कर्जाचा तो रोखा होता.

घरचे गृहस्थ गप्प झाले. वाचकांनी मात्र मोठ्या समजुतीने सांगितलं की त्या वर्षांत शिंदे-होळकरांच्या स्वाऱ्यांनी धार पार नागवलं गेलं होतं. १८०७ मध्ये धारचे राजे आनंदराव पवार वारले आणि त्यांच्या राणी मैनाबाईंनी ते राज्य कसंबसं तगवलं. दौलतच अशी अडचणीत होती तिथे प्रजेच्या घरात कर्ज असणं साहजिक होतं, आणि अशा दिवसांतही या घराने मुलीचं लग्न पार पाडलं. गृहस्थांच्या सांगण्यावरून तेवढा भाग आम्ही रेकॉर्डिंगमधून काढला. घरचा कागद घरच्यांचा असतो, त्यांच्या संमतीशिवाय तो जगासमोर ठेवू नये, हे माझं ठाम मत आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी वाचनाची लेखी प्रत मागून घेतली. त्यांच्या सुनेने विचारलं, त्या मुलीचं नाव कागदात आहे का? नव्हतं. बापाचं होतं, सावकाराचं होतं, साक्षीदारांची होती.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. घरातल्या सर्वांत वयस्कर बाईजवळ या आठवड्यात वही घेऊन बसा. तिचं, तिच्या आईचं, सासूचं आणि आजेसासूचं माहेरचं नाव, आडनाव, गाव आणि पहिलं मूल कुठे झालं, एवढं तिच्याकडून लिहून घ्या.