शिंगं सगळ्यात शेवटी बघा

पहिल्यांदाच खिल्लार घ्यायला आलेला माणूस हेड्याला लांबूनच ओळखू येतो. त्याची नजर शिंगांवर खिळलेली असते. दोष त्याचा नाही. कपाळावर जवळजवळ निघून, मागे झुकून पुन्हा आभाळाकडे वळलेली ती टोकदार शिंगं दिसल्यावर पायांकडे कोण बघणार? हेड्याला तेच हवं असतं. शिंगं साळून, तेल लावूनच जनावर बाजारात उभं केलेलं असतं.

सांगोल्याचा रविवारचा बाजार असो, खरसुंडीची यात्रा असो की पंढरपूरची कार्तिकी, बघायची सुरुवात तोंडापासून करा. गुराला समोरचे आठ दात फक्त खालच्या जबड्यात असतात. वर नुसती कठीण हिरडी. दुधाचे दात मधल्या जोडीपासून दोन-दोन करून पडतात आणि त्यांच्या जागी रुंद, पक्के दात येतात. सगळे दुधाचे असतील तर जनावर ‘आदत’. दोन-अडीच वर्षांच्या सुमारास पहिली जोडी आली की ‘दुसा’, तिसऱ्या वर्षाच्या आसपास ‘चौसा’, मग सहादाती, आणि साडेचार-पाच वर्षांत आठही दात आले की ‘जुळला’. त्यानंतरचं वय दातांच्या झिजेवरून ताडायचं, आणि फसवणूक होते ती इथेच. सहा वर्षांचा म्हणून घेतलेला बैल दहाचा निघू शकतो. म्हणून नवख्याने जुळलेलं जनावर जाणत्या माणसाशिवाय घेऊ नये.

मग पाय. जनावर कडक जमिनीवर चालवायला लावा. आधी समोरून, मग मागून बघा. खूर काळे, घट्ट आणि फट कमी असलेले हवेत. खिल्लाराची किंमत मुळात याच पायांची. माणदेशाच्या खडकाळ, कोरड्या रानात ही जात ओढकामासाठी घडली, दुधासाठी नाही.

अंगावरच्या भोवऱ्यांबद्दल बाजारात फार ऐकायला मिळेल: अमुक जागचा भोवरा लाभतो, तमुक जागचा घर बसवतो. माझं मत विचाराल तर ‘वाईट’ भोवऱ्यामुळे भाव उतरलेलं निरोगी जनावर खुशाल घ्या. भाव मात्र उपरण्याखाली बोटं दाबून ठरतो, ती भाषा येणारा कुणीतरी सोबत न्या. कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबरही पावतीवर लिहून घ्या.

नवख्याला शर्यतीचं खोंड हवं असतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये थांबवलेल्या शर्यती डिसेंबर २०२१ पासून पुन्हा सुरू झाल्या, आणि तेव्हापासून हा मोह वाढलाय. पण खिल्लार तापट असतं आणि परक्या माणसाला अंगाला हात लावू देत नाही. मी तरी सांगेन, दुसऱ्या-तिसऱ्या वेताची शांत गाय घ्या, पायाशी वासरू असलेली. दूध घरापुरतंच मिळेल, आणि वासराने ढुसण्या दिल्याशिवाय पान्हा सुटणार नाही. पण तिच्यासोबत वावरताना जनावराची भाषा कळत जाते.

गोठ्यात आता शिंगांचा विचार करावाच लागतो. दोन खुंट्यांमध्ये एवढं अंतर ठेवा की मान वळवली तरी शिंग शेजारणीच्या डोळ्यापर्यंत पोचणार नाही. गव्हाणीला आडवे बांबू लावू नका, शिंग अडकलं की गाय घाबरून हिसका देते. शिंग म्हणजे नखासारखं निर्जीव टरफल नव्हे. आत हाड असतं, त्यात रक्त खेळतं, आणि मोठ्या जनावरात त्या हाडाची पोकळी कपाळातल्या पोकळीशी जोडलेली असते. शिंग मुळाशी मोडलं तर रक्त थांबत नाही आणि जखमेतला पू थेट कपाळात उतरतो. म्हणून साळताना वरवरचंच साळा. जनावर डोकं एका बाजूला कलतं धरू लागलं, शिंग खांबावर घासू लागलं, एकाच नाकपुडीतून घाण येऊ लागली, तर शिंगाच्या कर्करोगाची शंका घ्या आणि त्याच दिवशी पशुवैद्याला बोलवा. हा रोग बैलांत जास्त दिसतो. लवकर कळला तर शिंग काढून जनावर वाचवता येतं.

बाकीचं सोपं आहे. चारशे किलोच्या जनावराला दिवसाला सुमारे दहा किलो कोरडा चारा हिशेबात धरा: कडब्याची कुट्टी, थोडी हिरवी वैरण, मूठभर पेंड. नवं जनावर पहिले पंधरा दिवस वेगळं बांधा. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्याआधी, लाळ्या-खुरकुताची वर्षातून दोनदा, लम्पीची दरवर्षी.

घेण्याआधी एक हिशेब कागदावर मांडा. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला आधीपासूनच बंदी होती, २०१५ पासून बैल आणि वळूच्याही आहे. म्हणजे काम थांबल्यावरही जनावराची वैरण तुमच्याकडेच.

आणि गाय पुढे तुमच्या गोठ्यात व्याली, तर पांढऱ्या वासराच्या टाळूवर विटकरी रंग दिसेल. संकर निघाला, फसवलं, म्हणत हेड्याला फोन लावू नका. शुद्ध खिल्लाराची वासरं अशीच जन्मतात. दोन-तीन महिन्यांत तो रंग आपोआप जातो.