ट्रक-बसला आग लागण्याचा धोका: कंपनीने गाडी परत बोलावली तर काय करावे?

मुद्रा कर्जातून किंवा अन्य योजनेतून तुम्ही टेम्पो, ट्रक किंवा मिनीबस घेतली असेल, तर कधीतरी कंपनीकडून निरोप येऊ शकतो: गाडीतील अमुक भाग तपासायचा आहे, वर्कशॉपमध्ये आणा. सर्व्हिसिंगची जाहिरात समजून तो सोडून देऊ नका. निर्मितीतील दोषामुळे गाड्या अशा परत बोलावण्याला 'रिकॉल' म्हणतात. दुरुस्तीचा खर्च कंपनीने करायचा असतो.

आगीचा दोष बहुधा दिसत नाही. डिझेलच्या नळीला बारीक चीर पडली, की तुषार टर्बोचार्जरच्या तापलेल्या भागावर उडतात. बॅटरीकडून स्टार्टरकडे जाणारी जाड केबल चासीला घासून सोलली गेली, तर चावी बंद असतानाही ठिणगी पडू शकते. या केबलला बहुधा फ्यूज नसतो. म्हणून आगीच्या धोक्याचा रिकॉल आला, की दुरुस्ती होईपर्यंत केबिनमध्ये झोपू नका. गाडी घरापासून आणि इतर गाड्यांपासून दूर, मोकळ्या जागी लावा. बॅटरीचा कटऑफ स्विच असेल तर तो बंद ठेवा.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये कलम 110अ आले. दोषामुळे चालक, प्रवासी किंवा रस्त्यावरील इतरांना धोका असेल, तर केंद्र सरकार कंपनीला गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. अशा वेळी कंपनीने गाडी दुरुस्त करायची, बदलून द्यायची किंवा तिची पूर्ण किंमत परत करायची असते. गाडीवर कर्ज असेल तर किमतीच्या परताव्यात बँकेचा हक्क आधी पाहिला जातो. याचे नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू आहेत आणि ते 7 वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांसाठी आहेत. कंपनीला 10 लाख ते 1 कोटी रुपये दंड होऊ शकतो. स्वतःहून दोष कळवून गाड्या बोलावणाऱ्या कंपनीला मात्र दंड नाही. कायदा केंद्राचा असल्याने गाडीचे पासिंग कोणत्याही राज्यातले असले तरी हक्क तोच.

निरोप तुमच्यापर्यंत पोहोचेल का?

खरी अडचण इथेच आहे. कंपनी निरोप पाठवते तो तिच्याकडे किंवा आरसीवर नोंदलेल्या मालकाला. जुनी गाडी घेऊन ती नावावर केली नसेल, तर तो पहिल्या मालकाकडे जाईल. खरेदीनंतर 30 दिवसांत आरटीओकडे नाव बदलण्यासाठी अर्ज करणे खरेदीदाराला बंधनकारक आहे. परिवहन संकेतस्थळावर मोबाइल क्रमांकही अद्ययावत करा. निरोपाची वाट पाहायचीही गरज नाही: आरसीवरील 17 अंक-अक्षरांचा चासी क्रमांक कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये सांगून 'या गाडीवर रिकॉल आहे का' असे थेट विचारा. काम झाल्यावर जॉब कार्डची प्रत घ्या.

गाडीत डिझेलचा किंवा जळक्या वायरचा वास येतो, पण रिकॉल जाहीर नाही? तर परिवहन मंत्रालयाच्या वाहन रिकॉल पोर्टलवर मालक स्वतः तक्रार नोंदवू शकतो. एका वर्गाच्या गाड्यांबाबत ठरावीक प्रमाणात तक्रारी आल्या, की तपासाला आधार मिळतो, त्यामुळे एकट्याची तक्रारही वाया जात नाही. बाहेरून बसवलेले हॉर्न, दिवे किंवा जोडवायरिंग असेल तर कंपनी दोष त्यावर ढकलू शकते. आधीच फोटो काढून ठेवलेले बरे.

गाडी वर्कशॉपमध्ये उभी राहिल्याने बुडालेली कमाई कलम 110अ मध्ये धरलेली नाही. तसेच फक्त थर्ड पार्टी विमा असेल, तर जळालेल्या गाडीची भरपाई त्यातून मिळत नाही. मात्र स्वयंरोजगारातून केवळ पोटापाण्यासाठी गाडी चालवत असाल, तर कायद्याने तुम्ही 'ग्राहक' आहात. कंपनीने मोफत दुरुस्ती नाकारली किंवा नुकसान झाले, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. तिथे न मिटल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. आरसी, खरेदीची पावती, जॉब कार्ड आणि कंपनीचा निरोप सोबत ठेवा.