रस्त्याने जाणारी नौका आणि वाटेतील खडी

नौका पाण्यासाठी घडविलेली असते. लाटा, वारा आणि खारी हवा यांना तोंड देण्याची तयारी तिच्या बांधणीतच असते. रस्त्यावरील खडीला तोंड देण्याची मात्र नसते. म्हणून एखादी नौका ट्रेलरवर चढवून मोटारीमागे जोडली, की तिच्या रक्षणाचा भार तिच्या बांधणीवर न राहता नेणाऱ्याच्या दक्षतेवर येऊन पडतो.

व्यापाऱ्यांच्या स्मरणिकेत हा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर २०१९ सालच्या ऑगस्ट महिन्यात आहे. कृष्णा, पंचगंगा, घटप्रभा व मलप्रभा या नद्यांच्या पुराने सांगली, कोल्हापूर आणि बेळगाव जिल्ह्यांतील असंख्य गावे वेढली गेली. पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापुराजवळ कित्येक दिवस बंद राहिला. माणसे सोडविण्यासाठी नौका दूरदूरच्या ठिकाणांहून रस्त्याने आणाव्या लागल्या. आपल्या समाजातील कोणी दानशूर गृहस्थ नदीकाठच्या गावासाठी नौका देऊ इच्छील, तर ती नौका धडपणे पाण्यापर्यंत पोचणे हाही त्या दानाचाच भाग समजला पाहिजे.

प्रथम हानी कशी होते ते पाहू. सामान्यतः अशा लहान नौका फायबरच्या असतात. काचतंतूंचे थर राळेत बसवून त्यांचे अंग तयार होते आणि त्यावर जेलकोट नावाचा गुळगुळीत लेप असतो. हा लेप सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीचा, म्हणजे जाड कागदाहून फारसा अधिक नाही. पाण्याला आत येऊ न देण्याचे मुख्य काम तोच करतो. खड्याने त्याचा टवका उडाला, तर नौका त्याच दिवशी बुडत नाही. पण पाणी तंतूंच्या वाटेने हळूहळू आत झिरपते, लेपाला फोड येतात आणि अंग कमकुवत होते. पोत्याला पडलेले बारीक छिद्र जसे माल तोलतेवेळीच ध्यानात येते, तसाच हा प्रकार आहे.

आता खडे येतात कोठून? समोरच्या मालमोटारीतून सांडलेली खडी हे एक कारण खरे. परंतु पुष्कळसे खडे आपल्याच मोटारीच्या मागच्या चाकांनी उडविलेले असतात. चाकाने उडविलेला खडा क्षणभर अधांतरी राहतो आणि मागून वेगाने येणारी नौका त्यावर आदळते. त्यामुळे नौकेच्या नाळेचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, खालचा भाग सर्वांत अधिक सोलला जातो. वेग दुप्पट झाला की आघाताची शक्ती चौपट होते. ताशी ८० किलोमीटरऐवजी ४० ने गेल्यास खड्याचा मार एक चतुर्थांशावर येतो. यासारखा बिनखर्चाचा उपाय दुसरा नाही.

यावरून उपायांचा क्रम आपोआप ठरतो. खडा जेथून उडतो तेथेच तो अडवावा. मोटारीच्या मागच्या चाकांमागे रुंद व जाड रबरी पडदे लावावेत. ते जमिनीपासून चार बोटे वर असावेत; अधिक उंच असल्यास खडा खालून निसटतो आणि जमिनीला टेकत असल्यास मोटार मागे घेताना ते चाकाखाली सापडतात. ट्रेलरच्या स्वतःच्या चाकांवरही मडगार्ड असावेत.

दुसरा उपाय मोटार व नौका यांच्या मध्ये करावयाचा. ट्रेलरच्या दांड्यावर लोखंडी चौकट उभारून तीवर जाड कॅनव्हास अथवा रबराचा पत्रा ताणून बसवावा. त्याचा वरचा काठ मोटारीकडे झुकता ठेवावा, म्हणजे आदळलेला खडा खाली रस्त्यावर पडतो. मोटारीच्या मागच्या काचेवर उसळत नाही. वळण घेताना ही चौकट मोटारीला घासणार नाही आणि तिच्याआड मागचे दिवे झाकले जाणार नाहीत, हे निघण्यापूर्वीच पाहून घ्यावे.

नौकेवरील आच्छादनाचा क्रम तिसरा. पुष्कळ लोक केवळ ताडपत्री टाकून निश्चिंत होतात. सैल ताडपत्री वाऱ्याने फडफडते आणि तिच्याखाली शिरलेली धूळ पॉलिश कागदाप्रमाणे लेप घासून काढते. अशा आच्छादनापेक्षा ते नसलेले बरे. नौका आधी धुऊन कोरडी करावी, कोपऱ्यांवर मऊ कापडाच्या घड्या ठेवाव्यात आणि मग आच्छादन तंग बांधावे. वल्ही, दोर, जीवरक्षक जाकिटे उघड्यावर ठेवू नयेत. ती वाऱ्याने उडाल्यास मागून येणाऱ्याच्या जिवावर बेततील. यंत्र मागे लावलेले असल्यास ते वर उचलून आधार देऊन बांधावे, नाहीतर पंखा रस्त्याला लागतो. पावसाचे पाणी साचू नये म्हणून तळाचे बूच प्रवासात काढून ठेवतात. ते नौका पाण्यात सोडण्यापूर्वी आठवणीने बसवावे. या एका विसरापायी धडधाकट नौकेत पाणी भरते.

हवा भरावयाच्या रबरी नौकेची रीत थोडी निराळी. तिची हवा काढून, घडी करून, खाली जाड कापड अंथरून ती मालमोटारीतून न्यावी आणि उतरविताना जमिनीवरून कधीही फरफटवू नये.

मुक्कामास पोचल्यावर नाळेवरून व तळावरून हात फिरवून पाहावे. टवका उडालेला आढळल्यास ती जागा पूर्ण वाळवून, हलकेच घासून, जेलकोटनेच भरावी. ओलसर जागेवर लावलेला लेप टिकत नाही.

मुनींच्या पाच समितींत आदान-निक्षेपण ही एक समिती सांगितली आहे. कोणतीही वस्तू उचलताना व ठेवताना नीट पाहावे, आपल्या अनवधानाने कोणत्याही जीवास पीडा होऊ नये, हा तिचा आशय. आम्हां गृहस्थांना ते व्रत पूर्णत्वाने पाळणे कठीण. तथापि जी वस्तू उद्या बुडत्याचा आधार व्हावयाची आहे, ती नेताना तरी एवढी दक्षता बाळगणे आमच्या आवाक्याबाहेरचे नाही.