पियुषिका ग्रंथीचे वेळापत्रक

मासिक पाळीला आजही जेथे विटाळ मानले जाते, तेथे तिचे शास्त्र शिकविणे हे केवळ परीक्षेपुरते काम नाही, असे आम्ही मानतो. या शास्त्राचा मोठा भाग प्रयोगशाळेतील मादी उंदरांच्या अभ्यासातून उलगडला. मुंबईत परळ येथे १९७० साली स्थापन झालेल्या प्रजनन संशोधन संस्थेतही या संप्रेरकांचा अभ्यास होत आला आहे.

मादी उंदराला पाळी येत नाही. मात्र तिचे प्रजननचक्र अवघ्या चार ते पाच दिवसांत पूर्ण होते. प्रोइस्ट्रस, इस्ट्रस, मेटइस्ट्रस आणि डायइस्ट्रस या त्याच्या चार अवस्था. अंडाशयातील पुटिका वाढू लागल्या की इस्ट्रोजेन वाढत जाते. एरवी हेच इस्ट्रोजेन मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीला आवर घालते. परंतु प्रोइस्ट्रसच्या दिवशी त्याचे प्रमाण शिखरास पोहोचले की आवराचे रूपांतर प्रेरणेत होते. त्या दुपारी पीतपिंडकारी संप्रेरकाची लाट उसळते. प्रोलॅक्टिन आणि पुटिका ग्रंथी संप्रेरकही वाढतात. मध्यरात्रीनंतर अंडमोचन होते. पुटिका ग्रंथी संप्रेरक मात्र दुसऱ्या सकाळपर्यंत चढे राहून पुढील चक्राच्या पुटिकांची तयारी करते.

ही आज्ञा येते कोठून? १९५० साली एव्हरेट आणि सॉयर या अमेरिकी संशोधकांनी प्रोइस्ट्रसच्या दिवशी दुपारी दोनपूर्वी उंदरांना गुंगीचे औषध दिले. अंडमोचन चोवीस तास लांबले. चारनंतर दिलेल्या औषधाने ते थांबले नाही. याचा अर्थ, ग्रंथीला संकेत मेंदूकडून मिळतो आणि त्याची वेळ ठरलेली असते.

स्त्रीमध्येही मेंदू, पियुषिका ग्रंथी आणि अंडाशय यांचा असाच संवाद चालतो. फक्त तिचे चक्र सुमारे अठ्ठावीस दिवसांचे असते. गर्भधारणा न झाल्यास प्रोजेस्टेरॉन घटते, गर्भाशयाचे अस्तर गळते आणि पाळी येते. कारणांच्या या साखळीत विटाळाला कोठेही जागा नाही.

पाळी हा रोगही नव्हे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली गाजला आणि राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. पाळीमुळे मजुरीचा खाडा होऊ नये, हेही त्यामागील एक कारण होते. गर्भाशयासोबत अंडाशयेही काढली, तर इस्ट्रोजेनचा मुख्य स्रोतच आटतो. आवर सुटलेली पियुषिका ग्रंथी अधिकाधिक संप्रेरके स्रवत राहते, पण त्यांना प्रतिसाद देणारे अंडाशयच उरलेले नसते. ऐन तारुण्यात हाडे ठिसूळ होऊ लागतात.

आपल्या अर्धापूर परिसरातही ऊस आहे आणि तो तोडणारे हातही आहेत. शस्त्रक्रियेच्या कागदावर अंगठा उमटण्यापूर्वी "हे कशासाठी?" असा प्रश्न आपल्या आईच्या वतीने विचारू शकेल, अशी मुलगी घडविणे हेच आम्ही या धड्याचे प्रयोजन समजतो.